सहा वर्षे हिशेब सांभाळणारे अकाउंटंट महिनाअखेर जात आहेत. कंपनीच्या चाव्या नीट कशा परत घ्याव्यात?

संचालक_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर आहे. कंपनी हंगामात सोयाबीन, तूर आणि चना खरेदी करते, प्रतवारीचे यंत्र व एक लहान दालमिल चालवते, शिवाय गावात आमचे कृषी सेवा केंद्रही आहे. पगारपत्रकावर चौदा माणसे आहेत. आमच्या अकाउंटंटांनी सहा वर्षे काम केल्यावर पंधरा दिवसांपूर्वी राजीनामा दिला असून महिनाअखेर ते कारंज्याच्या एका व्यापाऱ्याकडे रुजू होणार आहेत. भांडण नाही, तंटा नाही. तिकडे पगार जास्त आहे आणि मुलीची शाळा जवळ पडते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि आम्हालाही ते पटले.

खरी अडचण मला मागच्या आठवड्यात रात्री नऊ वाजता काट्यावर उभा असताना कळली. तूरडाळीचा ट्रक हैदराबादसाठी भरून तयार होता, ताडपत्री बांधून झाली होती आणि आमचा ऑपरेटर ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीत लागणारे ऑनलाइन बिल) काढायला बसला होता. आयडी-पासवर्ड बरोबर होता, पण ओटीपी गेला अकाउंटंटांच्या मोबाईलवर, आणि ते होते दिग्रसला एका लग्नात. फोन लागला तर मागे बँड वाजतो आहे. त्यांनी सांगितले 'सत्तावीस', आमच्या ऑपरेटरने ऐकले 'सत्तावन्न'. दुसऱ्यांदा आकडे बरोबर आले, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. ट्रक साडेअकराला निघाला. ड्रायव्हर काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला आठवतो. माणूस अजून कामावर असताना ही गत, तर तो गेल्यावर काय, असे मनात आले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत घेऊन बसलो आणि त्यांच्या हातात काय काय आहे ते वहीवर उतरवले. सतरा नोंदी झाल्या. जीएसटी आणि ई-वे बिल, आयकराचे पोर्टल, हमीभाव खरेदीचे पोर्टल, बँकेचे नेटबँकिंग, टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, कंपनीचा जीमेल, वजनकाट्याचा संगणक, कॅमेऱ्यांचे मोबाईलमधले ॲप, गावनिहाय अकरा व्हॉट्सॲप गट, अध्यक्षांचे डिजिटल सहीचे, पेनड्राइव्हसारखे डोंगल (पिन त्याच्याच टोपणावर चिकटवलेला!), सही करून ठेवलेले तीन कोरे धनादेश, आणि सेवा केंद्राच्या काउंटरवरचा क्यूआर, जो त्यांच्या वैयक्तिक खात्याला जोडलेला निघाला. त्या खात्यातून ते दर शनिवारी रक्कम कंपनीकडे वळती करीत होते आणि एक रुपयाचाही फरक नाही, हे मी पासबुकावर पाहिले. माणूस प्रामाणिक आहे. पण व्यवस्था म्हणून हे भयंकर आहे, हे मलाही कळते.

माझे प्रश्न असे. यांतले आधी काय बदलावे आणि नंतर काय? आत्तापासून काढून घेतले तर उरलेले दिवस ते काम कसे करणार? आमच्या दोन संचालकांचे म्हणणे आहे की सगळे ताब्यात येईपर्यंत शेवटचा पगार रोखून धरावा. ते योग्य होईल का? आणि आमच्या ९०० कास्तकारांची यादी घेऊन ते व्यापाऱ्याकडे जातील या भीतीपोटी त्यांच्याकडून 'दोन वर्षे या धंद्यात काम करणार नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावे का?

---

बुटीबोरीचा_संगणकवाला

संचालक साहेब, सतरा नोंदींची ती वही हे या कामातले सर्वांत अवघड पान होते आणि ते तुम्ही लिहून झाले आहात. मी बुटीबोरीत एका कारखान्याच्या संगणक विभागात आहे. आमच्याकडे माणूस सोडून जातो तेव्हा निम्मा वेळ त्याच्याकडे नेमके काय होते हे शोधण्यातच जातो.

क्रमाबद्दल सांगतो. बहुतेक लोक पहिल्यांदा पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. पण खाते कोणाच्या ताब्यात आहे हे पासवर्डवरून ठरत नाही, 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवल्यावर ज्याच्या मोबाईलवर आकडे येतात, खाते त्याचे. म्हणून प्रत्येक खात्यात आधी रिकव्हरीचा मोबाईल आणि ईमेल बदला, मग दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीही मागणारी) कंपनीच्या फोनवर घ्या, मग 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' करा आणि त्यानंतर पासवर्ड बदला. रिकव्हरी नंबर तसाच ठेवून पासवर्ड बदलणे म्हणजे गोठ्याला नवे कवाड बसवून मागचे कुंपण मोडके ठेवण्यासारखे आहे.

यासाठी आजच एक सिम घ्या. ते कंपनीच्या नावावर असावे, साध्या फोनमध्ये घालून कार्यालयाच्या कपाटात राहावे आणि कोणाच्याही खिशात जाऊ नये. सगळे ओटीपी तिथे यावेत. उद्या नवा अकाउंटंट आला आणि दोन वर्षांनी तोही गेला, तरी नंबर तिथेच राहील. ई-वे बिलाचे मात्र याहून चांगले होऊ शकते. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच बंधनकारक झाली आहे, पण तिथे उप-वापरकर्ते तयार करता येतात आणि प्रत्येकाचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर येतो. काट्यावरच्या मुलाला त्याचा आयडी काढून द्या. तो सोडून गेला की तेवढाच आयडी गोठवा. मग रात्री नऊ वाजता दिग्रसला फोन लावण्याची वेळ येणार नाही.

तुमच्या यादीत मला दोन गोष्टी दिसल्या नाहीत. पहिली, एनीडेस्क किंवा तत्सम दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर. अकाउंटंट घरून काम करीत असतील तर कार्यालयाच्या संगणकात त्याला कायमचा पासवर्ड घातलेला असतो, ज्यामुळे समोर कोणी नसतानाही संगणक उघडतो. बाकी सगळे बदलले आणि हे राहिले, तर काहीच बदलले नाही असे समजा. दुसरी, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणे. एका खात्याला चार उपकरणे जोडता येतात. कंपनीच्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहा. घरचा एखादा लॅपटॉप तिथे शांतपणे बसलेला सापडतो.

टॅलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही कंपनी आहात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरायचे आहे ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. पण सगळेच जण एकाच 'ॲडमिन'ने शिरत असतील तर ती नोंद एवढेच सांगेल की ॲडमिनने बदल केला. कोणत्या माणसाने, ते कधीच कळणार नाही. तेव्हा नव्या माणसाला त्याच्या नावाचा वापरकर्ता द्या आणि ॲडमिन संचालकांकडे ठेवा. डेटावर टॅली व्हॉल्टचा, म्हणजे सगळा हिशेब कुलूपबंद करणारा, पासवर्ड आहे का, हेही विचारून घ्या. तो हरवला तर टॅलीवालेसुद्धा परत मिळवून देऊ शकत नाहीत. सहा वर्षांचा हिशेब डोळ्यांसमोर असून उघडणार नाही. परवान्याचा सीरियल नंबर कोणत्या ईमेलला जोडला आहे तेही पाहा. आणि काहीही बदलण्याआधी पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

आता उरलेल्या दिवसांचे. माणूस खुशीने जात असेल तर एका दमात सगळे काढून घेण्याची गरज नाही, आणि तसे केल्यास कामही अडते. मालकी आज बदला, वापर शेवटच्या दिवसापर्यंत राहू द्या, आणि शेवटच्या दिवशी सायंकाळी ते निघण्याच्या वेळी वापर बंद करा. कामावरून काढण्याचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्याला केबिनमध्ये निर्णय सांगितला जात असतानाच बाहेर प्रवेश बंद व्हायला हवा. मोठ्या कंपन्याही यात चुकतात. २०१८ साली सिस्को या अमेरिकी संगणक कंपनीतून राजीनामा देऊन पाच महिने झालेला एक अभियंता कंपनीच्या क्लाउडमध्ये शिरला आणि त्याने ४५६ आभासी संगणक पुसून टाकले. तिच्या वेबेक्स टीम्स या ऑनलाइन बैठकांच्या सेवेची १६ हजारांहून अधिक खाती त्यामुळे दोन आठवड्यांपर्यंत बंद राहिली आणि २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. तो चुकलाच, पण पाच महिने त्याला वाट मोकळी होती, ती कंपनीच्याच बाजूने राहून गेली होती.

---

गावकरी_७२

एवढी सगळी उठाठेव म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणे नाही का? सहा वर्षे ज्याच्या हातात तिजोरी दिली, त्याच्याकडून जाताना एकेक चावी मोजून घ्यायची? आमच्या संस्थेत हिशेब माझ्या साळ्याकडे आहे. उद्या तो सोडून गेला तर त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की बाबा, फोन दाखव?

---

बुटीबोरीचा_संगणकवाला

काकाजी, साळ्याला तोंडाने सांगावेच लागू नये म्हणून तर संचालक मंडळाचा ठराव करायचा. अध्यक्ष बदलले, हमाल बदलला किंवा साळा गेला, तरी तीच वही आणि तीच सही. नियम आधीपासून असला की कोणाला लागत नाही. माणूस पाहून लावला की मात्र लागतो.

---

करसल्लागार_यवतमाळ

संचालक महोदय, तांत्रिक बाजू वर आली आहे. मी पोर्टल, बँक व कायदा यांपुरते लिहितो.

प्रथम डोंगल. ती अध्यक्षांची सही आहे, कंपनीची वस्तू नाही, आणि ती अकाउंटंटच्या टेबलाच्या खणात असणे ही आपल्या भागातली सर्रास पण घातक पद्धत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार त्या किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर ती आहे त्याची असते. अध्यक्षांनी डोंगल आजच स्वतःकडे घ्यावे आणि पिन बदलावा. ते कधी बाहेर गेले असेल किंवा त्याचा वापर कुठे झाला याचा हिशेब लागत नसेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करून नवीन घ्यावे.

जीएसटी पोर्टलवर मुख्य अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून नाव बहुधा अध्यक्षांचे असेल, पण मोबाईल आणि ईमेल अकाउंटंटांचे. हा बदल नोंदणीच्या 'नॉन-कोअर' दुरुस्तीत मोडतो, त्याला अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नव्या नंबरवर आणि ईमेलवर आलेला ओटीपी टाकून, डोंगलने सही करून काम होते. जुने लोक निघून गेले आणि आयडीही सापडत नाही अशी वेळ आली, तर कागदपत्रांसह आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे अर्ज करून मोबाईल-ईमेल बदलून घेता येतो. पण त्यात दिवस जातात आणि विवरणपत्राची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून माणूस समोर असतानाच करा.

बँकेसाठी साधे पत्र पुरत नाही. संचालक मंडळाचा ठराव, नव्या व्यक्तीचे केवायसी आणि नेटबँकिंगच्या वापरकर्त्यात बदल, असे तिन्ही एकदम द्या. या निमित्ताने रक्कम भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी रचना करून घ्या. कास्तकारांचे चुकारे (मालाचे पैसे) ज्या खात्यातून जातात त्या खात्यावर तर ही रचना हवीच. कोरे धनादेश चेकबुकाच्या अर्धुकाशी ताडून पाहा, आडवी रेघ मारून रद्द करा आणि ते क्रमांक बँकेला कळवा. क्यूआर आजच काढून टाका. आमच्या ओळखीच्या एका माणसाच्या वैयक्तिक खात्यातली अशीच उलाढाल पाहून आयकर विभागाने त्यालाच नोटीस पाठवली होती; तुमच्या अकाउंटंटांनाही त्याचा त्रास होऊ शकतो.

कृषी सेवा केंद्राबाबत दोन गोष्टी विसरू नका. अनुदानित खताच्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवण्याच्या यंत्रावर) विक्रेता म्हणून कोणाचा अंगठा नोंदला आहे ते तपासा. तो जाणाऱ्या माणसाचा असेल तर ऐन पेरणीत मशीन उघडणार नाही आणि पावसाच्या तोंडावर दारात रांग उभी राहील. तसेच कीटकनाशकांच्या परवान्यावर पात्रताधारक व्यक्ती म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. ती व्यक्ती जात असेल तर दुसरी पात्र व्यक्ती दाखवणे ही तुमची जबाबदारी आहे.

आता पगार रोखण्याविषयी. असे मुळीच करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचेही देय वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. शिवाय तुमच्याकडे दहापेक्षा जास्त माणसे आहेत आणि अकाउंटंटांची पाच वर्षे पूर्ण झाली आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटी लागते, जी तीस दिवसांत द्यायची असते. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस २६ आणि वर्षे सहा, असा हिशेब असतो; मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८ हजार धरले, तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६, म्हणजे सुमारे ६२,३०८ रुपये होतात. ही रक्कम आजच बाजूला काढा. देणे रोखून ज्याला अडवायचे, त्याच्याच हातात अजून तुमचे ओटीपी आहेत, एवढे त्या दोन संचालकांना समजावून सांगा.

स्टॅम्पपेपरचाही उपयोग नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. नोकरी सोडल्यानंतरच्या अशा अटी न्यायालयात टिकत नाहीत. गोपनीयतेचे पत्र मात्र घेता येते आणि ते घ्यावे. कास्तकारांचे आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो खरेदीच्या वेळी व्हॉट्सॲपवर येतात आणि फोनच्या गॅलरीत साठतात. ते त्यांच्या फोनमधून तुमच्यासमोर पुसले जावेत आणि तसे पत्रात लिहिले जावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. राहिली नावांची यादी, तर सहा वर्षे काट्यावर बसलेल्या माणसाला नऊशे कास्तकार तोंडपाठ असतात. ते कोणत्या कागदाने पुसणार?

कार्यमुक्तीच्या पत्रात एक वाक्य अवश्य घाला: अमुक तारखेच्या सायंकाळपासून कंपनीच्या कोणत्याही संगणकात, खात्यात किंवा पोर्टलवर प्रवेश करण्याची परवानगी संपुष्टात आली आहे. परवानगी नसताना प्रवेश करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा ठरू शकतो. पण परवानगी कधी संपली हेच कोठे लिहिलेले नसेल तर पुढे सगळा वाद त्याच मुद्द्यावर होतो.

---

माजी_दिवाणजी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी स्वतः असा सोडून गेलेला माणूस आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी अकरा वर्षे होतो. रुईच्या गाठींचा हिशेब, सरकीची विक्री, गाडीवाल्यांच्या पट्ट्या, सगळे माझ्याकडे. सोडताना मालकांनी नारळ आणि शाल दिली, सगळ्यांसोबत जेवण झाले आणि मी घरी आलो. चाव्यांचा जुडगा तेवढा मोजून परत घेतला. आयडी, पासवर्ड, मोबाईल नंबर यांचे नावही कोणी काढले नाही, आणि खरे सांगतो, मलाही तेव्हा ते सुचले नाही.

त्यानंतर आठ महिने मला फोन येत राहिले. 'दिवाणजी, एक ओटीपी आला असेल पाहा.' मी नव्या ठिकाणी मालकासमोर बसलेलो, आणि जुन्या मालकाचे आकडे फोनवर सांगतो आहे. नव्या मालकाला काय वाटत असेल? कास्तकारांचेही फोन यायचे, कारण गटात माझाच नंबर होता. 'चुकारा कधी जमा होते जी' असे ते मला विचारायचे आणि मी आता तिथे नाही हे दहादा सांगूनही अकराव्यांदा विचारायचे. मग एके दिवशी जुन्या ठिकाणच्या हिशेबात एक खरेदी दोनदा चढलेली सापडली आणि ती नोंद माझ्या आयडीने झालेली निघाली. मी सोडून पाच महिने झाले होते. माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्याच आयडीने काम करीत होता, कारण त्याला दुसरा दिलाच नव्हता. तरी पहिला फोन मलाच आला, आणि त्या फोनवरचा सूर मला अजून विसरता येत नाही. पुढे खुलासा झाला, पण बाजारात एकदा कुजबुज झाली की तिचा खुलासा प्रत्येकाच्या कानापर्यंत जात नाही.

म्हणून गावकरी काकाजींना माझे नम्रपणे सांगणे आहे की चावी मोजून घेणे हा अपमान नाही, उलट जाणाऱ्याची ती ढाल आहे. मी आता नव्या ठिकाणी रुजू होतानाच लिहून घेतले की कोणते खाते कोणत्या तारखेला माझ्याकडे आले. जाताना त्याच कागदावर परतीची तारीख पडेल. दोन प्रती, दोन सह्या, एक मालकाकडे, एक माझ्या ट्रंकेत.

संचालक साहेब, तुमच्या अकाउंटंटांना नव्या माणसासोबत किमान आठ दिवस बसवा, आणि शेवटचे दोन दिवस उलटे करा: नवा माणूस काम करील आणि जुना फक्त पाहील. बसून शिकवताना माणूस हाताच्या सवयीने पुढे जातो, बारीकसारीक सांगायचे राहते. पाहत बसला की 'अरे, इथे आधी बारदान्याची वजावट टाक' असे आपोआप तोंडातून निघते. आमच्या जिनिंगमध्ये गाठीचा क्रमांक देण्याची एक पद्धत फक्त माझ्या डोक्यात होती. ती मी गेल्यावर महिन्याभराने फोनवर सांगावी लागली.

पीएफचेही सांगतो, तुमच्याकडे लागू असेल तर. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही की जुन्या खात्यातली रक्कम पुढे हलवताना आणि काढताना अडचण येते. माझी भरली नव्हती. दोन महिने उलटल्यावर कर्मचाऱ्याला ती पोर्टलवर स्वतः भरता येते हे कळले, तेव्हा मीच भरली. तुम्ही त्यांच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

---

बचतगट_ताई

आमच्या गटाच्या सगळ्या फाइली एका मुलीच्या वैयक्तिक जीमेलच्या ड्राइव्हमध्ये आहेत आणि ती लग्न होऊन अमरावतीला जाते आहे. तिने गटाच्या जीमेलला 'शेअर' करून दिल्या तर पुरेल का?

---

बुटीबोरीचा_संगणकवाला

ताई, पुरणार नाही. शेअर केलेली फाइल तिचीच राहते. तिने कधी जागा मोकळी करायला पुसली तर तुमच्याकडूनही जाते. तिला प्रत्येक फाइलची मालकी गटाच्या जीमेलकडे हस्तांतरित करायला सांगा. ते जमत नसेल तर सगळ्या फाइली उतरवून घेऊन गटाच्या खात्यात नव्याने चढवा. ज्यांच्याकडे कंपनीचे पैसे भरून घेतलेले गूगलचे ईमेल आहे, त्यांनीही माणूस गेला की खाते लगेच पुसू नये. आधी फाइली दुसऱ्याकडे वळवाव्यात, कारण पुसलेला वापरकर्ता वीस दिवसांपर्यंतच परत आणता येतो.

---

संचालक_दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

करसल्लागार साहेबांचा पगाराविषयीचा परिच्छेद मी मंडळाच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. दोन्ही संचालकांनी विषय मागे घेतला. एकाने तर ग्रॅच्युइटीचा धनादेश निरोपाच्या दिवशीच द्यावा असे सुचवले आणि तसा ठराव झाला. स्टॅम्पपेपरचा विषय कोणी काढला नाही. माजी दिवाणजींचा अनुभव मी अकाउंटंटांना मुद्दाम वाचायला दिला. वाचून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'क्यूआरचं माझ्या अंगावर आलं असतं, नाही?' त्या दिवसापासून ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेऊन हे काम करीत आहेत. वहीचे दोन रकाने केले आहेत, मालकीची तारीख आणि वापर बंद केल्याची तारीख.

कंपनीच्या नावाचे सिम घेतले, जीएसटी, आयकर आणि जीमेलचे नंबर बदलले. काट्यावरच्या मुलाला ई-वे बिलाचा स्वतंत्र आयडी मिळाला असून त्याने पहिल्याच रात्री नागपूरची गाडी कोणालाही फोन न करता काढली. डोंगल अध्यक्षांच्या घरी गेले. एनीडेस्क होतेच, त्याचा पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३ असा होता. पॉस मशीनवर अंगठा सेवा केंद्रातल्या दुसऱ्या मुलाचा निघाला, ती चिंता मिटली. बँकेने ठराव आणि केवायसी घेतले आहे, नेटबँकिंगचा बदल अजून व्हायचा आहे.

अठरावी नोंद मात्र अकाउंटंटांनीच काल सांगितली, तीही जाता जाता, चप्पल घालताना. गोदामावरच्या कॅमेऱ्यांना इंटरनेट देणाऱ्या डब्यात जे सिम आहे, ते त्यांच्या नावावर आहे आणि दर ८४ दिवसांनी ते स्वतःच्या मोबाईलवरून त्याचा रिचार्ज करतात. पुढची तारीख ११ आहे, म्हणजे ते गेल्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी गोदामाचे कॅमेरे बंद पडले असते. आज नवीन सिम आणून डब्यात घातले, जुने त्यांच्या हातात दिले आणि सहा वर्षांच्या रिचार्जची रक्कम त्यांच्या अखेरच्या हिशेबात जोडायला सांगितली. ते नको म्हणतात. मी वहीत लिहून ठेवली आहे.